अपुऱ्या राहिलेल्या पायी वारीला पुन्हा केव्हा निघावे?

ज्येष्ठ शुद्ध सप्तमीच्या सुमारास शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपुराकडे निघते. अकोला, पातूर, रिसोड, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढे अशी मजल दरमजल करीत सुमारे ३३ दिवसांनी ती चंद्रभागेच्या तीरी पोहोचते. वाट ७०० किलोमीटरांहून लांब आहे. याच दिवसांत मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी मलकापूर, मोताळा ओलांडून राजूर घाटाने बुलढाण्यास चढते आणि चिखली, देऊळगाव राजा या मार्गाने जालन्याकडे उतरते. शिवाय गावोगावच्या लहान दिंड्या आहेतच. पालखी गावात आली की आपण सारे सामोरे जातो, सडा-रांगोळी होते, वारकऱ्यांच्या पंगती उठतात. पण याच वाटेवरून दर वर्षी काही माणसे उलट्या दिशेने परत येत असतात. एस. टी.च्या खिडकीशी बसलेली, पिशवी मांडीवर घेतलेली, पायाला पट्टी बांधलेली. त्यांना सामोरे कोणी जात नाही, आणि कोणी यावे अशी त्यांचीही इच्छा नसते.

या माणसांच्या मनात घरी पोहोचण्यापूर्वीच एक प्रश्न उभा राहिलेला असतो. पुन्हा निघावयाचे, तर केव्हा? आज याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वारीचे पुण्य, तिचा इतिहास, तिचे समाजशास्त्र यांवर अधिकारी वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे आणि पुढेही सांगतील. आमचा विषय त्या मानाने लहान आहे, पण ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला तो लहान वाटत नाही. हाच प्रश्न नर्मदेच्या परिक्रमेतून परतलेल्यालाही पडतो आणि सह्याद्रीच्या डोंगरवाटांवर पाठीशी ओझे घेऊन दहा-पंधरा दिवसांच्या चालीला निघालेल्या तरुणालाही पडतो.

प्रथम 'अपुरे' म्हणजे काय ते पाहू. जून २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर भटकून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून ही चाल मोजता आली. हा वाघ वाटेत हिंगोलीला थांबला असता किंवा अकोल्याच्या रानात राहिला असता, तरी त्याची चाल अपुरी राहिली असे कोणी म्हटले नसते. त्याने कोठे पोहोचावयाचे हे ठरविलेलेच नव्हते. माणूस आधी पंढरपूर ठरवितो, चार लोकांत सांगतो, गळ्यात तुळशीची माळ घालून निघतो, आणि मग रिसोडला पाय सुजला की त्याची वारी 'अपुरी' होते. पायाच्या सुजेला दोन आठवडे पुरतात. लोकांत सांगितलेल्या शब्दाची सूज मात्र वर्षभर उतरत नाही. पुन्हा निघण्याचा निर्णय बहुधा या दुसऱ्या सुजेच्या भरात होतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

या भरात दोन प्रकारची उत्तरे निघतात. एकजण म्हणतो, आठ दिवस विश्रांती घेतो आणि परळीला जाऊन पालखी गाठतो. दुसरा म्हणतो, पाहू पुढे कधीतरी. पहिल्याला शरीर आडवे येते. दुसऱ्याच्या 'कधीतरी'ला मुलीचे लग्न, घराचे बांधकाम, गुडघे असे एकामागून एक काहीतरी आडवे येत राहते आणि दहा वर्षे निघून जातात. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर पंचांगात पाहण्यापूर्वी परत येण्याच्या कारणात पाहिले पाहिजे. चाल ज्या कारणाने मोडली ते कारण दूर व्हावयास जितका काळ लागतो, तितका काळ थांबणे भाग आहे. त्याहून कमी थांबणे धोक्याचे आहे, आणि त्याहून फार अधिक थांबण्यात काही लाभ नाही.

हे बोलावयास सोपे आहे. कारण शोधणे मात्र वाटते तितके सोपे नाही, कारण माणूस परत येतो ते शेवटच्या कारणाने आणि सांगतोही तेच. "नवव्या दिवशी ताप भरला, म्हणून परतलो." पण ताप का भरला? आठवून पाहिले तर असे निघते की तिसऱ्या दिवसापासून झोप चार तासांवर आली होती, पाचव्या दिवशी जेवण जाईना, सातव्या दिवशी उन्हात पाणी पुरले नाही. बायकांच्या बाबतीत तर एक कारण इतके सर्रास आढळते की ते येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाटेत आडोसा नाही, शौचाची सोय नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग मूत्रमार्गाची जळजळ, ताप, घेरी, आणि शेवटी "हिला उन्ह सोसले नाही" असा शेरा. अशा बाईने एक वर्ष थांबून पुन्हा तशीच वारी केली तर पुन्हा तेच होईल. तिला थांबण्याची गरज नाही, सोयीची गरज आहे. कोणत्या दिंडीबरोबर जावयाचे, मुक्कामाच्या व विसाव्याच्या जागी व्यवस्था काय आहे, याची चौकशी झाली की ती पुढच्याच वर्षी निघू शकते.

म्हणून आमची पहिली सूचना अगदी घरगुती आहे. परतल्यावर आठ दिवसांच्या आत एक वही घेऊन बसावे आणि निघाल्यापासून प्रत्येक दिवसाचे चार शब्द लिहावेत : किती चाललो, काय खाल्ले, किती झोपलो, कोठे दुखले. स्मरणशक्ती फार दयाळू असते. दोन महिन्यांनी तीच घेरी 'जरा चक्कर आली होती' इतकी होते, आणि दिवाळीपर्यंत दोष सगळा त्या दिवशीच्या पिठल्यावर जातो.

आता शरीराची कारणे पाहू. सर्वांत अधिक माणसे परततात ती पायाच्या फोडांमुळे. फोड ओलसरपणा आणि घर्षण या दोहोंतून येतो, आणि तो आठ-पंधरा दिवसांत बरा होतो. त्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहण्याचे शरीराच्या दृष्टीने काही कारण नाही. कारण पादत्राणात असते. दिवसभर चालल्यावर पाऊल सुजून मोठे होते हे दुकानात सकाळी जोडा घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. जोडा संध्याकाळी, चालून आल्यावर, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडून घ्यावा आणि निघण्यापूर्वी त्यात शे-दीडशे किलोमीटर चालून झालेले असावे. एवढे केले की फोडाचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. मधुमेही माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्या पावलांची संवेदना बोथट झालेली असली, तर फोड आला हे त्याला कळतच नाही आणि फोडाचे क्षत होते. त्याने पुन्हा निघण्याचा दिवस स्वतः ठरवू नये. पाऊल तपासून डॉक्टरांनी तो ठरवावा.

हाडाचे दुखणे याहून लबाड असते. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले की ही सूज नुसती सूज नसून पंज्याच्या लांब हाडाला गेलेली केसासारखी बारीक चीर असते. कोठे पडले-झडलेले नसते, एकच भार हजारो वेळा पडून हाड थकते. ही चीर पहिल्या दोन आठवड्यांत क्ष-किरणांच्या चित्रात पुष्कळदा दिसतही नाही. त्यामुळे "फोटो काढला, काही नाही" असे समजून माणूस पुन्हा चालू लागतो आणि बारीक चिरेचा पुरता मोड होतो. पंज्यावर बोट ठेवले असता एकाच ठिकाणी नेमके दुखत असेल, तर चित्र काही सांगो, विश्रांतीच घ्यावी. ही चीर सांधावयास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि त्यानंतर लांब चालीचा सराव शून्यापासून चढवावा लागतो. म्हणजे वारीत हाडावर परतलेल्या माणसाने त्याच वर्षीच्या कार्तिकीचा विचार करू नये. पुढची आषाढी मात्र त्याला खुली आहे.

टाचेच्या दुखण्याला याहून अधिक काळ लागतो, कधी सहा महिने, कधी वर्ष. त्याची परीक्षा सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल दुखते तोवर टाच बरी झाली असे म्हणू नये, मग दिवसभर कितीही बरे वाटो. अशक्तपणाने, म्हणजे रक्त कमी असल्याने परतलेल्या बाईने लोहाच्या गोळ्या रक्त भरल्यावरही आणखी तीनएक महिने घ्यावयाच्या असतात. शरीराचा साठा भरावयास तेवढा अवधी लागतो.

येथवर पंचांगाचा संबंध आला नाही. आता उन्हाचा विषय घेऊ, आणि तेथे मात्र पंचांग उघडावे लागेल. आमच्या मते या साऱ्या विवेचनात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

आषाढी एकादशी तिथीने ठरते, आणि ऊन-पाऊस सूर्याने ठरतात. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून एकादशी दर वर्षी तितकी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पलीकडे उडी घेते. गेल्या काही वर्षांच्या तारखाच पाहा. २०२१ साली आषाढी २० जुलैला होती, २०२२ साली १० जुलैला, २०२३ साली २९ जूनला. त्या वर्षी श्रावण अधिक आला आणि २०२४ ची आषाढी १७ जुलैला गेली. २०२५ साली ती ६ जुलैला होती, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साली २५ जुलैला. म्हणजे 'दर वर्षीची वारी' ही एकच वारी नाही. २०२३ साली शेगावची पालखी २६ मे रोजी निघाली, २०२४ साली १३ जूनला. या अठरा दिवसांत विदर्भात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मे महिन्याच्या शेवटी अकोल्याचा पारा चाळीसच्या बराच वर असतो. पाऊस विदर्भात सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यास येतो. २०२३ साली तर तो जूनचा तिसरा आठवडा सरल्यावर आला, त्यामुळे त्या वर्षीच्या वारकऱ्यांनी जवळजवळ सारी वाट कोरड्या उन्हात तुडविली.

बुलढाणे शहरातल्या माणसाने येथे विशेष सावध असावे. आपले शहर अजिंठ्याच्या डोंगरपठारावर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि येथली संध्याकाळ मे महिन्यातही सुसह्य असते. शेगाव, खामगाव, मलकापूर ही पूर्णेच्या खोऱ्यातली गावे. तेथल्या माणसाला जे ऊन नित्याचे, ते बुलढाणेकराला पाहुणे असते. कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याला तर फारच. शरीर उन्हाला सरावते, पण त्याला रोज थोडेथोडे उन्हात चालून दहा ते चौदा दिवस लागतात, आणि हा सराव सोडला की तीन-चार आठवड्यांत तो निघूनही जातो. चैत्रात केलेला सराव म्हणून ज्येष्ठात उपयोगी पडत नाही.

ज्याला वाटेत खरा उष्माघात झाला, म्हणजे भ्रम झाला, शुद्ध हरपली, इस्पितळात नेऊन अंग थंड करावे लागले, त्याने त्या ऋतूत पुन्हा वाटेवर जाण्याचा विचार पूर्णपणे सोडावा. उष्माघातानंतर ऊन सोसण्याची शक्ती काही आठवडे, आणि काहींच्या बाबतीत अनेक महिने, मंदावलेली असते. उष्माघाताने माणसे दगावतात, ही अतिशयोक्ती नव्हे. अशा माणसाने पुढचे वर्ष निवडताना आधी एकादशीची तारीख पाहावी. ती जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात येत असेल, तर ते वर्ष त्याचे नाही. ती जुलैच्या उत्तरार्धात येत असेल, तर पालखी निघेपर्यंत पहिला पाऊस पडलेला असण्याचा संभव पुष्कळ. असे वर्ष दोन-तीन वर्षांतून एकदा येतेच. याच्या उलट, जो भिजून, सर्दी-तापाने, चिखलात पाय कुजून परतला, त्याला हेच उशिराचे वर्ष प्रतिकूल. एकाच दिंडीतून एकाच दिवशी परतलेल्या दोघांचे पुन्हा निघण्याचे वर्ष याप्रमाणे वेगवेगळे असू शकते. शेजारी निघाला म्हणून आपण निघालो, असे येथे करून चालत नाही.

कोणी म्हणेल, वारी ही नेमाची गोष्ट, तिच्यात असे वर्ष निवडणे बसते काय? ज्याचा नेम चालू आहे त्याच्याविषयी आम्ही बोलतच नाही. शिवाय २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे पायी सोहळे झालेच नाहीत, मानाच्या पादुका एस. टी. गाडीने पंढरपुरास गेल्या, आणि २०२२ साली लोक पुन्हा त्याच वाटेने चालू लागले. दोन वर्षांच्या खंडाने परंपरा मोडली नाही, तर एका माणसाच्या एका वर्षाच्या खंडाने ती मोडेल ही भीती कशाला?

परिक्रमेच्या शास्त्रात तर थांबण्याचा नियमच आहे. नर्मदेची परंपरागत परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाही, एका ठिकाणी राहतो आणि पावसाळा सरल्यावर तेथूनच पुढे निघतो. चार महिने एका जागी बसलेल्याला कोणी परतला म्हणत नाही. ज्यांनी हा नियम घालून दिला त्यांना ऋतू आणि शरीर या दोहोंची पुरी जाण होती, असे आम्हांला वाटते.

शेतकऱ्याची अडचण आणखी निराळी. तो पायाने परतत नाही. पाऊस पडल्याची बातमी येते आणि तो परततो. मृग लागतो ७-८ जूनला, पेरणीयोग्य म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस केव्हा होईल याचा नेम नाही, आणि सोयाबीन-कपाशीची पेरणी कोणासाठी थांबत नाही. अशा माणसाची वारी अपुरी राहिली हे खरे. पण ती मोडली असे आम्ही म्हणणार नाही. त्याने तयारी वाढवून उपयोग नाही आणि वर्ष बदलूनही फारसा नाही, कारण तारीख अलीकडे असो वा पलीकडे, वारी आणि पेरणी एकमेकींच्या अंगावर येतातच. ज्या वर्षी घरात पेरणी सांभाळणारा दुसरा हात असेल, भाऊ किंवा कर्ता मुलगा, ते त्याचे वर्ष. तो हात नसेल तर पेरणी उरकून सोलापुराजवळ दिंडी गाठावी, नाहीतर पौषात त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या दिंडीबरोबर चालावे. थंडी असते आणि खरिपाचे बरेचसे काम आटोपलेले असते.

परतलेल्या माणसाने दुसऱ्यांदा निघताना काय बदलावे, याचे एक उत्तम उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन डोंगररांगेतून जॉर्जिया ते मेन अशी एक पायवाट जाते, लांबी साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात. १९५४ साली एमा गेटवुड नावाची ६६ वर्षांची, ११ मुलांची आई तिच्यावर निघाली. मेनमधल्या काटाह्डिन शिखरापासून, म्हणजे उत्तर टोकाकडून, जुलै महिन्यात. थोड्याच दिवसांत ती वाट चुकली, चष्मा फुटला, शिधा संपला. वनरक्षकांनी तिला घरी जावयास सांगितले आणि ती मुकाट्याने ओहायोत परतली. पुढच्या वर्षी ३ मे १९५५ रोजी ती पुन्हा निघाली, आणि २५ सप्टेंबरला त्याच काटाह्डिनच्या माथ्यावर पोहोचली. सारी वाट एका ओढीत एकटीने चालणारी ती पहिली स्त्री ठरली.

बाईच्या जिद्दीचे कौतुक सर्वांनीच केले आहे. आम्हांला तिच्या दुसऱ्या आखणीचे कौतुक अधिक वाटते. पहिल्या वेळी ती सर्वांत अवघड, निर्जन टोकापासून निघाली होती, आणि जुलैत निघाल्यामुळे पुढे हिवाळा तिच्या अंगावर येणार होता. दुसऱ्या वेळी ती दक्षिणेकडून, मे महिन्यात निघाली. ऋतू तिच्याबरोबर उत्तरेकडे सरकत गेला आणि अवघड टोक येईपर्यंत तिचे पाय चार महिने चालून तयार झाले होते. सामान तेच साधे, कापडी जोडे आणि हाताने शिवलेली खांद्यावरची पिशवी. थांबली ती दहा महिनेच, पण तेवढ्यात दिशा आणि ऋतू दोन्ही बदलले. पालखीची दिशा आपल्याला बदलता येत नाही हे खरे. ऋतू मात्र, वर सांगितल्याप्रमाणे, वर्ष निवडून बदलता येतो. आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. दुसऱ्या वेळी जाताना तिने आपला बेत घरच्यांनासुद्धा नीट सांगितला नव्हता. आपल्याकडे तसे करू नये. घरच्यांना सांगूनच निघावे. पण गावभर सांगण्याची घाई नसली, तर दुसऱ्या खेपेला मनावरचे ओझे पुष्कळ हलके राहते.

आपल्या विदर्भाशी जोडलेले उदाहरण विनोबांचे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाल्यापासून त्यांची पदयात्रा चालू होती. डिसेंबर १९५२ मध्ये, तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिल या गावी त्यांना जिवावरचा मलेरिया झाला. औषध घेण्यास ते प्रथम तयार नव्हते, पण मोठमोठ्यांनी विनविल्यावर त्यांनी ते घेतले. यात्रा थांबली ती जवळजवळ तीन महिने. मार्च १९५३ मध्ये ते त्याच चांडिलहून पुन्हा चालू लागले आणि १९६४ साली पवनारला परतले. ताप उतरल्याबरोबर, आठ दिवसांत, ते निघाले असते तर पुढची अकरा वर्षे चालणे झाले असते की नाही, हे सांगता येत नाही.

पण विनोबा थांबले तेथूनच निघाले, म्हणून आपणही गेल्या वर्षी जेथे थांबलो तेथूनच निघावे काय? हा प्रश्न दिंडीत फार विचारला जातो. कोणी म्हणतो, तुळजापूरपर्यंत माझे झाले आहे, आता तुळजापूरहून पुढचे करतो. त्यात गैर काही नाही. मात्र एक हिशेब विसरू नये. विनोबा वर्षानुवर्षे चालत होते. आपण वर्षभर घरी राहून तुळजापूरला उतरलो, तर नकाशावर आपण पंचविसाव्या दिवशी असतो आणि शरीराने पहिल्याच दिवशी. पहिल्या आठवड्याचे फोड, पहिल्या आठवड्याची झोपमोड, सारे तेथे नव्याने सोसावे लागते. वाट थोडीच उरलेली असते म्हणून ते साधते, एवढेच. जो पहिल्या आठवड्यात, पातूर-मेडशीच्या आसपास, परतला असेल त्याने शेगावहूनच निघावे असे आमचे मत आहे. अर्ध्याहून पुढे जाऊन बाहेरच्या कारणाने, म्हणजे घरच्या निरोपाने किंवा अपघाताने परतलेल्याने थांबल्या ठिकाणाहून निघावयास हरकत नाही.

वयाचा विचार येथेच करून टाकू. तिशीतला माणूस दोन वर्षे थांबला तर त्याचे काही जात नाही. पासष्टीच्या माणसाची गोष्ट दुहेरी अडचणीची. त्याचे हाड, स्नायू सावकाश तयार होतात म्हणून त्याला तयारीला अधिक महिने हवेत, आणि थांबण्यासाठी हाताशी वर्षे मात्र थोडी. त्याने 'पुढे पाहू' असे म्हणूच नये. परतल्याच्या महिन्यात पुढचे वर्ष नक्की करावे, आणि डॉक्टरांनी पुऱ्या वाटेला नाही म्हटले तर वाट तुकड्यांनी करावी. एमा गेटवुडने तीच पायवाट तिसऱ्यांदा तुकड्यातुकड्यांनी पुरी केली. १९६४ साली, ७६ व्या वर्षी.

कारण दूर झाले, वर्ष ठरले, तरी आपण तयार आहोत हे कसे ओळखावे? येथे बहुतेकांची एक चूक होते. ते एका दिवसात किती चालता येते ते पाहतात. वारीतली मजल दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरांची असते, आणि एवढे तर आपल्यापैकी पुष्कळजण एका दिवसात चालतील. कठीण आहे ते दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तेवढेच चालणे, आणि तिसऱ्या दिवशी, आणि असे तेहेतीस दिवस. परीक्षा म्हणून चालण्याची नव्हे, सावरण्याची घ्यावी. दिवाळीनंतर आठवड्यातून तीन-चार दिवस चालावयास लागावे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना व कंडरांना महिने लागतात, म्हणून अंतर हळूहळू वाढवावे. बुलढाणेकराला राजूर घाट उतरून पुन्हा चढणे हा फुकटचा व उत्तम आखाडा आहे. मग माघाच्या सुमारास सलग तीन दिवस, रोज वीस किलोमीटर, आपल्याच जोड्यात चालून पाहावे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊल जोड्यात सहज जाते काय, रात्री झोप लागली काय, भूक आहे काय, आणि कालचे दुखणे आज वाढले की ओसरले, एवढे पाहावे. ओसरत असेल तर पुढच्या ज्येष्ठाला नाव द्यावे. वाढत असेल तर अजून चार महिने हातात आहेत, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुढले वर्ष आहे.

जे या वर्षी परतले आहेत आणि ज्यांना दिवाळीपर्यंतही धीर निघत नाही, त्यांच्यासाठी एक सोय वारीनेच करून ठेवली आहे. आषाढी आटोपल्यावर शेगावची पालखी परत निघते ती वेगळ्या वाटेने. बार्शी, बीड, गेवराई, जालना करीत ती सिंदखेड राजाशी आपल्या जिल्ह्यात शिरते आणि बिबी, लोणार, मेहकर, जानेफळ अशी खामगावास येते. खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा सोळा-सतरा किलोमीटरांचा आहे. त्या दिवशी खामगावहून पहाटे हजारो माणसे पालखीबरोबर चालतात. रस्ता सपाट आहे, ऊन ओसरलेले असते, वाटेत पाणी व फराळ जागोजाग मिळतो, आणि दमणाऱ्याला बसावयास गाडी मिळते. फोडाने, तापाने किंवा पेरणीने परतलेल्याने त्या दिवशी चालून पाहावे. हाडाच्या, टाचेच्या किंवा उष्माघाताच्या दुखण्याने परतलेल्याने त्या दिवशी खामगावच्या रस्त्याकडेला पाण्याची घागर घेऊन उभे राहावे, आणि चालण्याचे पुढच्या माघात पाहावे.